भगवानरावांच्या दोन, तानुबाईंच्या दोन

मोताळा,
९ फेब्रुवारी २०२५

ती. प्रेमानंद मामा यांस सप्रेम जयभीम.

आई सांगत होती की तुम्हाला आता फोनवर ऐकू येत नाही आणि मोबाईलवरची अक्षरंही दिसत नाहीत, पण कागदावरचं तुम्ही भिंग लावून वाचता. म्हणून हे पत्र. मी सुवर्णा, तुमच्या मोताळ्याच्या मावसबहिणीची मुलगी. मी बी.एस्सी.ला गेले तेव्हा तुम्ही तुमच्या मुलाची पुस्तकं खोक्यात बांधून एसटीने पाठवली होती. ती मी पदवी मिळेपर्यंत वापरली आणि आता दुसऱ्या दोघी वापरत आहेत. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. त्यात त्या खोक्याचा वाटा किती मोठा आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल, म्हणून मी सांगते.

गावात मी मुलींसाठी अभ्यासिका चालवते. खोली भगवानराव आबांची आहे. आधी तिथे कापूस भरलेला असायचा. कॉम्प्युटरही त्यांनीच दिला. त्यांची नात काजल नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेची तयारी करते आहे. ती परीक्षा कॉम्प्युटरवरच होते, म्हणून सराव पेपरही त्यावरच सोडवावे लागतात. मशीन फार मंद चालायचं. मग शेजारच्या तानुबाई काकूंनी त्यांच्या गेलेल्या यजमानांच्या, गोविंदा काकांच्या, नावाने रॅमच्या दोन नव्या पट्ट्या घेऊन दिल्या. आधीच्या दोन आणि या दोन, अशा चार पट्ट्या मीच बसवल्या. व्हिडिओ पाहून शिकले.

तेव्हापासून मशीनचं काही खरं नाही. मध्येच पडदा निळा होतो आणि ते आपोआप बंद होऊन चालू होतं. कधी चालूच होत नाही, नुसतं बीप बीप करतं. काजलचा एकही पेपर पूर्ण झालेला नाही. बुलढाण्याला एका दुकानात विचारलं, तर तो म्हणाला, जुनं झालं, नवीन घ्या. नवीन कुठून घेणार?

परीक्षा एप्रिलात आहे. तुम्ही आयुष्यभर बँकांमधली मशीनं दुरुस्त केली आहेत. जमेल तसं कळवा.

तुमची भाची,
सुवर्णा


नाशिक रोड,
१४ फेब्रुवारी

चि. सुवर्णास अनेक आशीर्वाद. जयभीम.

पत्र मिळालं. पोस्टमन आमच्या दारी आता फक्त विम्याचे कागद आणतो. हाताने लिहिलेला लिफाफा पाहून तोच खूश झाला, मग मी झालो.

तू पत्र लिहिलंस हे मशीनच्या दृष्टीनेही बरं झालं. फोनवर लोक घाई करतात. मी एक सांगतो, ते चार गोष्टी बदलतात आणि म्हणतात, झालं चालू. कशाने चालू झालं ते त्यांनाही कळत नाही आणि मलाही नाही. आठ दिवसांनी पुन्हा तेच. पत्रात तसं करता येत नाही. एक गोष्ट बदलायची, काय झालं ते लिहायचं, उत्तराची वाट पाहायची. तुझ्या घाईला हे मानवणार नाही, पण मशीनला मानवतं.

तर आता एवढंच कर. वायर भिंतीतून काढ. कॉम्प्युटरच्या डब्याच्या उघड्या लोखंडाला हात लाव, म्हणजे अंगातली वीज निघून जाईल. चारही पट्ट्या काढ. पट्टीच्या सोनेरी कडेवर पांढरं खोडरबर हलकेच फिरव आणि भुसा फुंकून टाक. मग एकच पट्टी एका खाचेत लावून मशीन चालव. ती काढून त्याच खाचेत दुसरी. असं चारही पट्ट्यांचं कर. शिवाय प्रत्येक पट्टीवर कंपनीने काय छापलंय, आकडा न आकडा, ते मला लिहून पाठव. त्यात सगळं असतं.

माझा अंदाज असा आहे की नव्या पट्ट्या विकणाऱ्या दुकानदाराने तुम्हाला वापरलेला माल नवीन म्हणून दिला. खेड्यातली मुलगी दिसली की करतात. त्या तानुबाईंना अजून काही बोलू नकोस.

तुझ्या मामीने विचारलंय, तुमच्याकडे अंबाडीची भाजी मिळते का अजून.

तुझा,
प्रेमानंद मामा


मोताळा,
२१ फेब्रुवारी

ती. मामांस सप्रेम जयभीम.

मिळते. मामींसाठी आई वाळवून पाठवणार आहे.

तुम्ही सांगितलं तसंच केलं, त्यापेक्षा जास्त काही नाही. काजल माझ्यासोबत होती. खोडरबर तिचंच. चारही पट्ट्या एकेकट्या लावल्या तर मशीन व्यवस्थित चालतं. म्हणजे वाईट एकही नाही. आम्हा दोघींना आनंदही झाला आणि कोडंही पडलं.

छापलेलं काय आहे ते मात्र लगेच लिहिता आलं नाही. त्याचं कारण सांगायला मला जड जातंय. पट्ट्यांवर नावं चिकटवलेली आहेत. मीच चिकटवली.

तुम्ही गावापासून फार वर्षं दूर आहात म्हणून सांगते. इथे कुणी काही दिलं की त्यावर नाव येतंच. अभ्यासिकेतल्या पंख्याच्या तिन्ही पात्यांवर नाव आहे, पाण्याच्या टाकीवर आहे, घड्याळाच्या काचेवर इतकं मोठं आहे की त्याच्यामागे साडेसात वाजलेले दिसत नाहीत. मग ज्यांनी रॅम दिली त्यांचं नाव कसं नको? गाड्यांचे नंबर कापून देणाऱ्या रेडियमवाल्याकडून मी चार नावं कापून आणली. दोन ‘भगवानराव यांचे सौजन्याने’, दोन ‘कै. गोविंदा यांचे स्मरणार्थ’. छापील लेबल त्यांच्याखाली गेलं.

आबांची नावं मी न विचारता काढली, पण गेलेल्या माणसाचं नाव असं खरवडून काढणं मनाला पटेना. तानुबाई काकूंकडे गेले. त्या अंगणात तूर पाखडत होत्या. मी भीतभीत विचारलं.

“काढ नं बाई,” त्या म्हणाल्या. “त्यायले कुठी माहीत होता कम्पुटर? रेडिओ बिघडला त थापड मारत होते.”

“पण तुम्ही त्यांच्या नावाने दिलं ना, काकू.”

“मी देलं हाव. पन नाव लावू म्हनत तूच आली होती. तुह्या मनाले बरं वाटन म्हून मी हो म्हटलं.”

मामा, मला हसावं की रडावं कळेना. घरी येऊन नावं काढली. खाली जे निघालं ते सोबतच्या कागदावर उतरवलं आहे. तुम्हाला वाचता यावं म्हणून मोठ्या अक्षरात.

दुकानदाराने फसवलं असेल असं मला वाटत नाही. पाकीट माझ्यासमोर फोडलं होतं.

तुमची,
सुवर्णा


नाशिक रोड,
२६ फेब्रुवारी

चि. सुवर्णा,

तुझं पत्र वाचून मी इतका हसलो की मामी स्वयंपाकघरातून धावत आली. तिला वाटलं ठसका लागला. मी एवढी मशीनं उघडली, त्यात झुरळं पाहिली, एका शाखेत तर चिमणीचं घरटं पाहिलं. रॅमवर सौजन्य कधी पाहिलं नव्हतं.

आता कामाचं. दुकानदाराला मी उगाच बोल लावला, तो शब्द परत घेतो. माल चांगला आहे. पण तुझ्या कागदावरून दिसतं की दोन जोड्या वेगळ्या आहेत. भगवानरावांच्या पट्ट्या दोन-दोन जीबीच्या आणि मंद गतीच्या. तानुबाईंच्या चार-चार जीबीच्या आणि वेगवान. कंपनी जोडी विकते तेव्हा त्या दोघी एकमेकींबरोबर तपासलेल्या असतात. दुसऱ्या जोडीबरोबर त्यांना कुणी तपासलेलं नसतं. पुष्कळदा चालतं. पुष्कळदा नाहीही चालत. त्यात कुणाचा दोष नसतो.

तुझ्या बोर्डावर चार खाचा असतील, दोन निळ्या, दोन काळ्या, एकाआड एक. एका जोडीच्या दोन्ही पट्ट्या एकाच रंगाच्या खाचेत हव्यात. तानुबाईंची जोडी निळ्यात, भगवानरावांची काळ्यात. मग मशीन सुरू होताना सेटिंगमध्ये जाऊन रॅमची गती मंद पट्टीइतकी खाली आण. कसं ते मागच्या पानावर चित्र काढून दिलंय. हात थरथरतो, रेषा वाकड्या आहेत, समजून घे. तरीही बंद पडलं तर रॅम तपासणारा प्रोग्राम पेनड्राईव्हवर घेऊन चालव; रॅम चुकली की त्यात लाल ओळ येते.

आतापर्यंत कोणती पट्टी कुठे होती ते तू लिहिलंच नाहीस. ते कळव.

मामा


मोताळा,
८ मार्च

ती. मामांस जयभीम.

तुमचं चित्र मी आणि काजलने भिंतीवर लावलं आहे. रेषा वाकड्या असल्या तरी आम्हाला सगळं सापडलं.

कोणती पट्टी कुठे होती ते मी मुद्दामच लिहिलं नव्हतं. आता लिहिते. निळ्या खाचा मला मानाच्या वाटल्या, पुढच्या रांगेसारख्या. दोघांनी प्रेमाने दिलेलं, मग एकाला पुढे आणि एकाला मागे कसं बसवू? म्हणून आबांची एक आणि काकूंची एक अशा दोन पुढे बसवल्या आणि उरलेल्या दोन मागे. कार्यक्रमात पाहुण्यांना बसवतो तसं. मला तेव्हा हे फार न्यायाचं वाटलं होतं. तुमचं पत्र वाचल्यावर कळलं की मी दोन्ही जोड्या मोडून ठेवल्या होत्या.

तुम्ही सांगितलं तसं बदललं, गती कमी केली. मशीन गुणी बाळासारखं चालायला लागलं. काजलने जीवशास्त्राचे व्हिडिओ पाहिले, लहान चाचण्या दिल्या. मी तुम्हाला आभाराचं पत्र लिहायला बसणार होते.

मग परवा तिने शंभर प्रश्नांचा पूर्ण पेपर लावला. ऐंशीच्या पुढे गेली आणि पडदा निळा झाला.

तेवढ्यात आबा दारात आले. काजल रडत नव्हती, नुसती हात मांडीवर ठेवून बसली होती. आबा म्हणाले, “पुन्हा बंद पडली?”

“हाव आबा,” ती म्हणाली.

“मशीन मी देली तवा एक दिवस बंद पडत नोती. तू बसली का बंद पडते. पेपर जमत नाई त जमत नाई म्हन. मशीनले काऊन नाव ठेवतं?”

आबा मला म्हणाले, “सुवर्णा, या महिन्यात हिनं एक पेपर पुरा करून दाखवला त हिले परीक्षेले मी सोता घेऊन जाईन. नाई त उद्यापासून घरी. उगाच पोरीच्या डोक्यात हवा नको.” आणि गेले.

ते वाईट नाहीत, मामा. खोली त्यांनी मागता क्षणी दिली होती. पण एकदा बोलले की ते बोलणं परत फिरत नाही, हे सगळं गाव जाणतं.

तुम्ही मागे लिहिलं होतं तो रॅम तपासणारा प्रोग्राम मी पेनड्राईव्हवर घेऊन चालवला. आबांची जोडी एकटी लावली, एकही चूक नाही. काकूंची एकटी लावली, एकही नाही. चारही लावल्या की काही वेळाने लाल ओळी येतात. गती अजून खाली आणून पाहिली, तरी लाल.

अजून एखादं सेटिंग आहे का? असेल तर लवकर सांगा. कोणाच्याही पट्ट्या काढायची वेळ माझ्यावर येऊ नये असं वाटतं.

सुवर्णा


नाशिक रोड,
१३ मार्च

चि. सुवर्णा,

स्पीड पोस्टने पाठवतोय.

सेटिंग नाही. असतं तर मी तुला लाल ओळी पाहायला लावल्या नसत्या. तू जी तपासणी केलीस ती मी स्वतः केली असती तर याहून वेगळी केली नसती. दोन्ही जोड्या चांगल्या आहेत आणि एकत्र चालत नाहीत. विषय संपला. पेपरला मोठी जोडी लागेल. तानुबाईंची ठेव, भगवानरावांची काढ.

आता दुसरं, जे मशीनचं नाही. तू आबांना सांगू नकोस. डब्याचं झाकण बंद कर, स्क्रू आवळ. आत दोन आहेत की चार, कोण पाहायला येतंय? खोली त्यांची, कॉम्प्युटर त्यांचा. ज्याने दिलं त्याला ‘तुमचं काढून दुसऱ्याचं ठेवलं’ असं सांगायला गेलीस तर तो पट्ट्यांचा विचार करणार नाही, स्वतःच्या मानाचा करेल. मी अशा मोठ्या माणसांच्या हाताखाली नोकरी केली आहे. खरं बोलून माझी बदली झाली, मशीन तिथेच राहिलं. तुझी तर खोलीच जाईल आणि त्या खोलीत बसणाऱ्या मुलींची संध्याकाळ जाईल. चांगल्या कामासाठी गप्प बसणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे.

मी हे तुझ्या काळजीने लिहितोय.

मामा

ता. क. अंबाडी पोचली. मामीने तुझ्या आईला आशीर्वाद सांगितलेत. आई माझ्याहून लहान आहे ना, म्हणून आशीर्वाद.


मोताळा,
२३ मार्च

ती. प्रेमानंद मामा यांस सप्रेम जयभीम.

तुमचा पहिला सल्ला मी अक्षरशः पाळला. दुसरा नाही पाळला. आधी तेच सांगते, म्हणजे पुढचं वाचताना तुमच्या जिवाला घोर नको.

पत्र आलं त्याच दुपारी आबांच्या दोन पट्ट्या काढल्या आणि तपासणीचा प्रोग्राम पुन्हा चालवला. एकही लाल ओळ नाही. तुम्ही लिहिलं तसं झाकण बंद करून स्क्रूही आवळले. पण नंतर मला दिसलं की गप्प राहिले तर खोली वाचेल, मशीन वाचेल, पण काजल खोटीच ठरेल. ती पेपर पुरा करेल आणि आबा म्हणतील, पाहा, आता मन लावलं तर कशी नाही बंद पडली. ती मनच लावत होती, मामा, पहिल्या दिवसापासून. हे मला आणि तिला माहीत होतं आणि दोघींच्या माहीत असण्याला काही किंमत नव्हती.

पट्ट्या रुमालात बांधून शेतात गेले. आबा हरभऱ्याच्या खळ्याजवळ बसले होते. रुमाल उघडून समोर ठेवला.

“आबा, कॉम्प्युटरमधल्या तुमच्या दोन पट्ट्या मी काढल्या.”

“काऊन? जळल्या?”

“नाही. चांगल्या आहेत. एकट्या चालतात. तानुबाई काकूंच्या सोबत चालत नाहीत.”

“मंग तिच्या काढ.”

“त्यांच्या मोठ्या आहेत. पेपरला तेवढ्या लागतात.”

आबांच्या गड्याने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मी घाईघाईने सगळं सांगितलं. मी आधी त्या कशा चुकीच्या बसवल्या, मग तुम्ही पत्रातून एकेक काय करायला लावलं, लाल ओळी, सगळं. मध्येच त्यांनी हात वर केला.

“म्हंजे लांब धाग्याच्या कापसात आखूड मिसळला, अन् जिनिंगवाल्यानं भावात साराच आखूड धरला.”

“तसंच आबा. आणि त्यातही मशीन मध्येच अडकायचं.”

“मिसळला कोनं?”

“मी.”

“अन् पोरगी?”

“तिचा काही संबंध नाही. त्या दिवशी तुम्ही दारात आलात तेव्हा तिने ऐंशीच्या वर प्रश्न सोडवले होते.”

आबांनी एक पट्टी उचलली, उलटी केली, उन्हात धरून पाहिली. आणि काय विचारलं असेल सांगा. “हिच्यावर मायं नाव होतं नं? कुठी गेलं?” मी म्हटलं, खालचं वाचायला काढलं. ते म्हणाले, “बरं केलं. माणसं हसली असती.” मग रुमाल बांधून माझ्या हातात परत दिला. “देलेलं मी परत नाई घेत. कोनाले लागन त्याले दे.” एवढंच. रागावले आहेत की नाही, मला घरी येईपर्यंत कळलं नाही.

आज संध्याकाळी काजलने पूर्ण पेपर लावला आणि आबा आले. घरून स्वतःची खुर्ची घेऊन आले. तिच्या मागे भिंतीला टेकून बसले. तिच्या मानेवर घाम दिसत होता. बाकीच्या मुलींनी पानं उलटायचंही बंद केलं होतं. आबांना इंग्रजी येत नाही, प्रश्न कळत नाहीत, तरी ते पडद्याकडे असे पाहत होते की जणू तो निळा झाला तर हाताने धरून ठेवतील. ऐंशीवा प्रश्न आला तेव्हा त्यांनी मला खुणेने विचारलं, हाच का? मी मान हलवली. तो गेला. नव्वद गेला. शंभर झाला. काजलने बटण दाबलं, गुण आले. फार नाहीत, निम्म्याहून थोडे वर. तिने मागे वळूनही पाहिलं नाही.

“झाला?” आबांनी विचारलं.

“झाला, आबा.”

“बंद नाई पडली?”

“नाई पडली.”

त्यांनी घसा खाकरला. मला वाटलं आता उठतील.

“मंग दुसरा लाव,” ते म्हणाले. “मी बसतो.”

मामा, तुमचे आभार मानायला मी योग्य शब्द शोधत होते, ते अजून सापडलेले नाहीत. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय झालं ते खरं लिहायचं, हे तुम्ही मला मशीनसाठी शिकवलं. त्याचाच आधार धरून मी खळ्यावर गेले होते. तुमचा सल्ला मोडला तोही तुमच्याच भरवशावर.

दुसरा पेपर चालू आहे. आबा खुर्चीतून हललेले नाहीत. मी कोपऱ्यात बसून हे लिहिते आहे आणि काजल आत्ता त्रेचाळीसाव्या प्रश्नावर आहे.

तुमची भाची,
सुवर्णा